शेवटचं पान कोण लिहिणार?

पत्र:

"मी आणि माझा नवरा घटस्फोट घेतोय. फसवणूक नाही, तिसरं माणूस नाही. त्याला मूल हवंय, मला नकोय. आधी दोघंही 'बघू' म्हणत राहिलो, आता बघून झालंय. अर्ज दाखल झालाय, तो वेगळा राहतो, पण आम्ही अजूनही जवळजवळ रोज भेटतो. वकिलांकडची पहिली भेट आटोपल्यावर जिन्यात बसून आम्ही इतके हसलो की वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावून 'सगळं ठीक आहे ना?' असं विचारलं. तिथेच ठरलं, यावर सिनेमा लिहायचा. घटस्फोट घेणारं आणि तरी मित्र राहणारं जोडपं. हसवता हसवता डोळ्यात पाणी आणणारी गोष्ट. दोघंही लिहून पोट भरणारी माणसं आहोत, त्यामुळे पटकथा भराभर झाली. काम करता करता उशीर झाला तर तो इथेच झोपतो, सोफ्यावर (बहुतेक वेळा). घोडं अडलंय शेवटाशी. त्याच्या मते दोघांनी पुन्हा एकत्र यायला हवं, माझ्या मते नाही. फाइल दोघांची एकच आहे. तो रात्री शेवटचं पान बदलतो, मी सकाळी उठून पूर्ववत करते. मैत्रिणी म्हणतात, हा पोरखेळ बंद कर. त्याच्या आईला मी अजून दर रविवारी फोन करते, तोही बंद करू का? माझं ठरलंय, त्याबद्दल शंका नाही. फक्त शेवट कुणाचा बरोबर ते सांगा. पटकथा सोबत जोडली आहे."
– सहलेखिका

प्रिय सहलेखिका,

पटकथा वाचली, अथपासून इतिपर्यंत. खरं तर हे काम सल्ल्याच्या सदरात मोडत नाही, पण पुस्तकांच्या वाटणीच्या दृश्यापर्यंत आले आणि मग ती खाली ठेवता आली नाही. नायक एक पुस्तक नायिकेच्या खोक्यात टाकतो, ती ते उचलून त्याच्या खोक्यात टाकते. "तुझं आहे." "तुला आवडतं." "तुला जास्त." हळूहळू दोघांचा वेग वाढतो, पुस्तकं हवेतून जायला लागतात, आणि शेवटी एकच जाडजूड पुस्तक जमिनीवर उरतं. कुणीतरी लग्नात दिलेलं, दोघांनीही न उघडलेलं. दोघं त्याच्याकडे बघतात आणि एकाच वेळी एकेक पाऊल मागे सरकतात. अहो, फार छान आहे हे. लिहिता येतं तुम्हाला. म्हणूनच पुढचं जरा स्पष्ट लिहिते.

आधी त्या कंसाबद्दल. 'बहुतेक वेळा.' एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही एकदाच कंस वापरला आणि नेमकी तीच गोष्ट त्यात कोंबली. तुम्ही दोघं मोठी माणसं आहात, सोफा कुठे आणि पलंग कुठे यात मी नाक खुपसणार नाही. मात्र 'माझं ठरलंय' हे वाक्य आणि हा कंस एकाच पत्रात सुखाने नांदू शकत नाहीत. ज्याच्या मनातून तुम्ही गेलेल्या नाही, त्याच्यासाठी तो कंस म्हणजे शेवटचं पान रात्री पुन्हा बदलण्याची परवानगी आहे. तुम्हाला तसं म्हणायचं नसेलही. त्याला ते तसंच ऐकू येणार.

आता पटकथा. वाचताना मी एक गोष्ट शोधत होते आणि ती मला सापडली नाही. तुमच्या पत्रात दुसऱ्याच ओळीला आहे: त्याला मूल हवंय, तुम्हाला नकोय. पटकथेत ही दोघं वेगळी का होतात? कारण तो ओला टॉवेल पलंगावर टाकतो आणि ती त्याची वाक्यं मध्येच तोडून व्याकरण सुधारते. मूल हा शब्द अख्ख्या पटकथेत एकदाही येत नाही. शेजारच्या घरातसुद्धा एखादं पोर रडत नाही.

हे का झालं ते कळतं. टॉवेलवर विनोद होतो, मुलाच्या प्रश्नावर तो करणं अवघड जातं. पण त्यामुळे काय झालंय बघा. टॉवेलमुळे मोडलेलं लग्न पुन्हा जुळायलाच हवं, प्रेक्षक खुर्चीत बसून तेच म्हणणार, 'अरे, एवढ्यावरून?' त्या गोष्टीपुरता तुमच्या नवऱ्याचा शेवट शंभर टक्के बरोबर आहे. तुमचा शेवट त्या गोष्टीला चिकटवलेला वाटतो, कारण तो दुसऱ्याच गोष्टीचा आहे, तुमच्या खऱ्या गोष्टीचा. तेव्हा 'शेवट कुणाचा बरोबर' या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. तुम्ही दोघं शेवटच्या पानावर भांडताय, आणि वादाचं मूळ पहिल्या पानावर आहे, जिथे दोघांनी मिळून खरं कारण खोडून टाकलं. एकट्याने नव्हे, हं. मिळून. तेवढ्यापुरतं अजून तुमचं छान एकमत होतं.

त्याने मागितलेल्या शेवटाला सिनेमात जुनी परंपरा आहे, हे त्यालाही माहीत असणार. हॉलिवूडमध्ये 1934 पासून सेन्सॉरचे नियम कडक अंमलात आले. लग्नसंस्थेचं पावित्र्य राखायचं, व्यभिचार आकर्षक दिसू द्यायचा नाही, असा दंडक होता. मग लेखकांनी पळवाट काढली: नवरा-बायकोचा घटस्फोट करायचा, दोघांना इतरांशी मनसोक्त गुलुगुलू बोलू द्यायचं आणि शेवटी परत एकमेकांच्या गळ्यात घालायचं. म्हणजे चावट मजा आणि वर लग्नाचा विजय. 'द ऑफुल ट्रुथ' (1937) हा त्यातला गाजलेला सिनेमा. कॅरी ग्रँट आणि आयरीन डन कोर्टात कुत्रा कुणाकडे राहणार यावरून भांडतात. न्यायाधीश म्हणतात, कुत्र्यालाच ठरवू द्या, तर ती बाई त्याचं आवडतं खेळणं हळूच दाखवून त्याला आपल्याकडे ओढते. घटस्फोट पक्का व्हायला नव्वद दिवस असतात आणि शेवटच्या रात्री बाराच्या ठोक्याआधी दोघं एकत्र येतात. दिग्दर्शक लिओ मॅकॅरी यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. स्टॅन्ली कॅव्हेल या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1981 साली अशा सिनेमांवर एक आख्खं पुस्तक लिहिलं आणि या प्रकाराला 'पुनर्विवाहाची सुखात्मिका' म्हटलं.

तुमच्या प्रकरणाला अधिक लागू पडतो तो 1940 चा 'हिज गर्ल फ्रायडे'. रोझलिंड रसेल ही बातमीदार, कॅरी ग्रँट तिचा घटस्फोटित नवरा आणि संपादक. ती येते ती 'मी दुसरं लग्न करतेय, नोकरीही सोडतेय' हे सांगायला. तो रडत नाही, विनवत नाही. तो तिच्यासमोर एक जबरदस्त बातमी टाकतो. फक्त ही एक बातमी कर आणि मग जा. बातमी संपेपर्यंत होणारा नवरा बाजूला पडलेला असतो. सिनेमा भन्नाट आहे, संवाद एकमेकांवर आदळत धावतात. तरी पुन्हा बघाल तेव्हा लक्ष द्या: त्या माणसाने 'तू मला हवी आहेस' हे सरळ कधीच म्हटलेलं नाही. कामाच्या आडून म्हटलंय. आणि ती हरते तीही कामापुढेच.

तुमच्याकडेही एक बातमी पडलेली आहे, शंभर पानांची.

मी त्याला लबाड म्हणत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवतोय, एवढंच. फाइलमध्ये रोज रात्री तो एकच प्रश्न विचारतोय आणि तुम्ही रोज सकाळी तो पुसताय. दिवसा मात्र दोघं त्याला 'शेवटाबद्दलचे मतभेद' म्हणता. आता तुमचं सांगते. शेवट तुम्हाला मान्य नाही, तर फाइलला कुलूप घालणं एका बोटाचं काम होतं. घातलं नाहीत. त्याला थेट विचारणं शक्य होतं. विचारलं नाहीत, मला विचारलंत. सकाळी उठून त्याने रात्री काय लिहिलं हे वाचण्यात तुम्हालाही काहीतरी मिळत असावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्यासाठी कुणीतरी रोज जागून आपल्याला परत मिळवण्याचं दृश्य लिहितंय, याची कुणालाही सवय लागेल.

मैत्रिणींचं म्हणणं मला अर्धंच पटतं. घटस्फोटानंतर मैत्री असूच शकत नाही, असं मी मानत नाही. असते, चांगली असते, आणि मूल नको-हवं यावर फाटलेल्या जोडप्यांत तर ती टिकण्याची शक्यता जास्त, कारण कुणी कुणाचा विश्वास मोडलेला नसतो. पण ती लग्नातून थेट, मध्ये दार न उघडता, पलीकडच्या खोलीत जाता येईल अशी नसते. मध्ये एक काळ लागतो जेव्हा हा माणूस आपला कुणीच नसतो. तो काळ कंटाळवाणा असतो. एखादी गंमत घडते, हात फोनकडे जातो, आणि ती सांगायची नाही हे आठवतं. नळ गळतो आणि कुणाला बोलवायचं ते कळत नाही. फॉर्ममध्ये 'तातडीच्या वेळी संपर्क' या चौकटीत कुणाचं नाव लिहायचं म्हणून पेन अडतं. हे सगळं एकट्याने पार पडलं की मग जो समोर येतो तो मित्र. त्याआधी जो आहे तो वेगळ्या पत्त्यावर राहणारा नवरा.

पटकथेतही नेमका हाच काळ नाही. पान 31 वर नायक दोन खोकी घेऊन दाराबाहेर पडतो. पान 32 वर तो नळ दुरुस्त करायला परत हजर. मधे किती दिवस गेले? तो कुठे राहिला? पहिल्या रात्री खोकी उघडली की तशीच भिंतीला लावून ठेवली? तिने घराचं काय केलं, फर्निचर हलवलं का, की त्याची बाजू रिकामी ठेवूनच झोपत राहिली? काहीच नाही. अख्ख्या पटकथेत असं एकही दृश्य नाही जिथे ती दोघं एकमेकांशिवाय आहेत. तुम्हाला ते लिहिता आलं नाही याचं कारण साधं आहे: ते अजून घडलेलं नाही.

म्हणून माझा सल्ला असा की पटकथा थांबवा. फेकू नका, पुसू नका. दोघांसमोर एकदा फाइलची एक प्रत काढून ठेवा आणि घटस्फोट कागदोपत्री पूर्ण होईपर्यंत, आणि त्यानंतरही निदान सहा महिने, तिला हात लावू नका. सहाच का, असं विचाराल तर त्यामागे काही शास्त्र नाही, माझा अंदाज आहे. एक-दोन महिने माणूस शब्द पाळल्याच्या आनंदात काढतो, खरी पोकळी त्यानंतर जाणवते.

पण थांबवण्याच्या आधी एक बोलणं व्हायला हवं, आणि ते फाइलबाहेर. घरी नको, सोफा समोर दिसतो. चालता चालता बोला, शेजारी शेजारी चालताना माणसं खरं बोलतात. त्याला विचारा: "तुला परत यायचंय का? आणि यायचं असेल तर मुलाचं काय?" दुसरा प्रश्न पहिल्यापासून तोडू नका. तो कदाचित म्हणेल, "मला मूल नको, तू हवीस." हे ऐकायला फार गोड वाटतं आणि तिथेच सांभाळायचं आहे. तुम्ही दोघांनी 'बघू' म्हणत इतकी वर्षं काढलीत. आज दुःखाच्या भरात सोडलेली इच्छा पाच वर्षांनी कुठल्या रूपात परत येईल हे त्यालाही सांगता येणार नाही. तुम्ही त्याच्या जागी असता तर हा सौदा केला असता का, एवढं स्वतःला विचारा. उलट तो म्हणू शकेल, "नाही, यायचं नाहीये, मला फक्त शेवट तसा आवडतो." मग मी साफ चुकले आणि तुम्हाला एक उत्तम सहलेखक आहे. तसं झालं तर मला कळवा, आनंद होईल.

आणि हो, त्या बोलण्यात तुम्हालाही उत्तर द्यावं लागेल. तुमच्या पत्रात तो काय करतो हे भरपूर आहे. तो गेल्यावर तुम्हाला काय वाटतं, याबद्दल एक ओळ नाही. 'माझं ठरलंय' हा निर्णय झाला. निर्णय पक्का असूनही माणसाला तुटून पडल्यासारखं होऊ शकतं, आणि तसं झालं म्हणजे निर्णय चुकला असंही नाही. तुमच्याकडे बहुधा दोन्ही आहे आणि दुसरं कबूल केलं तर पहिलं डळमळेल अशी भीती वाटतेय. त्याच्यासमोर एकदा रडून बघा. हसून बरंच झालंय.

सिनेमाचं म्हणाल तर माझं मत असं आहे की या प्रकारच्या गोष्टीत गोडव्यासोबत कडवटपणा यायचा असेल, तर प्रेक्षकाला दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या पाहिजेत: ही दोघं एकमेकांसाठीच जन्माला आली आहेत आणि यांचं एकत्र राहणं शक्य नाही. पहिलं तुम्ही सुरेख लिहिलंय. दुसऱ्यासाठी कारण लागतं, आणि टॉवेल ते ओझं पेलत नाही. सहा महिन्यांनी फाइल उघडाल तेव्हा पहिल्यांदा खऱ्या कारणाचं दृश्य लिहा. वेगवेगळं लिहा, आणि उलटं लिहा: मूल हवं असणाऱ्या माणसाचं बोलणं तुम्ही लिहायचं, नको असणाऱ्या बाईचं त्याने. अट एकच, ज्याचं बोलणं आहे त्याने वाचून 'हो, मला असंच वाटत होतं' म्हणेपर्यंत पुन्हा लिहायचं. त्याला तुमच्या बाजूने नीट वाक्यं सुचत नसतील, किंवा तुम्ही त्याच्या तोंडी फक्त हट्टी वाक्यं घालत असाल, तर ते तुम्हाला कागदावर दिसेलच. यात विनोद मरेल अशी भीती बाळगू नका. जिन्यातलं तुमचं हसणं आठवा. ते टॉवेलवरचं नव्हतं, ते वकिलाच्या खोलीत जे काही सहन केलं त्यावरचं होतं.

ही गोष्ट मुळात दोन जुन्या जोडीदारांना मिळून लिहिता येते का, अशी शंका असेल तर येते. 2012 साली आलेला 'सेलेस्ट अँड जेसी फॉरएव्हर' हा अगदी याच विषयावरचा सिनेमा रशिदा जोन्स आणि विल मॅकॉर्मॅक यांनी मिळून लिहिला. ही दोघं पूर्वी थोडा काळ एकमेकांबरोबर फिरत होती आणि पुढे घट्ट मित्र झाली. मात्र क्रम लक्षात घ्या. आधी जुळलं, मग सुटलं, मग वर्षानुवर्षं मैत्री मुरली, आणि लेखन त्यानंतर. जखम बांधता बांधता एका हाताने तिच्यावर विनोद लिहायचा, हा तुमचा क्रम फार घाईचा आहे.

शेवट मी सुचवत नाही. सुचवू शकले असते, दोन-तीन मनात आलेही. पण तुमच्या नायिकेला सहा महिन्यांनी काय वाटेल हे तुम्हालाच माहीत नाही, तर मी कोण सांगणार?

आता राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी. त्याच्याकडे घराची किल्ली असेल तर परत घ्या. तो काही करेल म्हणून नव्हे, बेल वाजली की तुम्ही दार उघडायला उठाल, आणि दार उघडायचं की नाही हे तेवढ्या वेळात ठरवता येतं. दोघांपैकी कुणाच्या आयुष्यात दुसरं कुणी आलं तर ते एकमेकांना स्वतः सांगायचं, तिसऱ्याकडून कळता कामा नये. आणि ते कुणीतरी येईल तेव्हा त्याला किंवा तिला तुमचे दोघांचे खास विनोद समजावून सांगत बसू नका. जुन्या जोडप्याच्या हशात शेजारी नुसतं हसरं तोंड करून बसावं लागणं ही मोठी शिक्षा असते.

त्याच्या आईला फोन करत राहा. ते नातं तुम्ही दोघींनी कमावलंय, कोर्टात त्याची वाटणी होत नाही. फक्त त्याची खबरबात त्यांच्याकडून काढायची नाही, आणि तुमची त्यांच्यामार्फत पोचवायची नाही. त्यांनी 'काही होऊ शकत नाही का गं?' असं विचारलं तर 'आई, ते आमचं आम्ही बघतोय' एवढं म्हणून त्यांच्या गुडघेदुखीवर या. त्या दुखावतील थोड्या, पण फोन ठेवणार नाहीत.

शेवटी एक रुक्ष गोष्ट, जी दोन लेखकांना मला सांगावी लागतेय याचं नवल वाटतं. वकिलांकडे वाटणीची यादी चालली असेल. घर, पैसे, सामान सगळं असेल. त्यात ही पटकथा आहे का? नसेल तर घाला. मिळून लिहिलेल्या कामावर हक्क कुणाचा, एकाने दुसऱ्याला न विचारता ते विकता येतं का, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, म्हणून गृहीत काहीच धरू नका, आपल्या वकिलाला विचारा. श्रेयनामावलीत नावं कुठल्या क्रमाने, पैसे आले तर कसे वाटायचे, एकाला पुढे लिहायचं नसेल तर दुसऱ्याने पूर्ण करायचं की नाही, आणि शेवटावर एकमत झालंच नाही तर काय, हे चार मुद्दे कागदावर घेऊन दोघांच्या सह्या करा. पुढच्या भेटीतच करा. आत्ता तुम्ही एकमेकांशी चांगले आहात, असल्या कागदावर सही करायला यापेक्षा बरी वेळ मिळायची नाही.